न तुटणारी लोकर

९ नोव्हेंबर २००३

ही वही नर्सने दिली. म्हणाली, "मावशी, ताप किती, गोळी कधी दिली, पट्टी कधी बदलली, सगळं यात लिहीत जा." मी म्हटलं, माझी शाळा तिसरीपर्यंत, त्यातलं अर्धं वर्ष धाकट्या भावाला पाठीशी बांधून वर्गाबाहेर उभी होते. तर म्हणते, आकडे येतात ना? आकडे येतात.

ताप सकाळी ३८.४. गोळी आठला. पट्टी दहाला.

आकडे झाले तरी पान रिकामंच. कागद वाया घालवायची मला सवय नाही म्हणून उरलेलं लिहिते. मंगळवारी जेवणानंतर आमच्या गुमहीच्या बाबांचा डावा हात ग्राइंडरमध्ये गेला. लाकूड कोरायची दातेरी चकती लावलेली होती. तीन बोटं गेली. उरलेली दोन आहेत पण वळत नाहीत. डॉक्टर म्हणतो, नशीब, उजवा शाबूत आहे. त्याला काय कळतंय? ताटली धरतो डावा हात. धरणाराच नसला तर कोरणारा हवेत कोरणार का?

१२ नोव्हेंबर

ताप ३७.६.

आज विचारलंच. म्हटलं, तुम्हाला दवाखान्यात आणलं तेव्हा तोंडाला माक्कोलीचा वास येत होता. दुपारी दारू प्यायला होतात ना?

छताकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. प्यायलो होतो."

"कोणाबरोबर?"

"प्योबरोबर."

प्यो भाऊजी म्हणजे आमच्या शेजारचा कारखाना. आमच्यासारखंच काम, पितरांच्या पूजेच्या लाकडी ताटल्या. त्यांनीच ह्यांना उचलून गाडीत घातलं, म्हणून मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते. आता कळलं, आधी पाजली आणि मग उचललं.

मी वॉर्डातच ओरडले. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. एकोणतीस वर्षं ह्या माणसाने मशीन चालू असताना थेंब घेतला नव्हता, आणि घेतला तो असा. ह्यांचा आवाज म्हणजे कसा, घरात आहेत की नाहीत ते चपला बघून कळायचं. ओरडणारी मी एकटी.

२० नोव्हेंबर

काल घरी आणलं. प्यो भाऊजी पेर फळांची पेटी घेऊन दारात आले. पेटी रस्त्यावर ठेवली आणि दार लावलं. म्हटलं, पुन्हा ह्या दारात दिसलात तर करवत घेऊन येईन. काहीतरी बोलणार होते, पण आतून हे खोकले आणि भाऊजी गेले.

पेरं मी आणली नाहीत. शेजारणीने नेली असतील.

३० नोव्हेंबर

दोन दिवस किमचीचं काम. ऐंशी कोबी. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या, मीठ लावणं, धुणं, मसाला भरणं. बुसानहून गुमही आली. तिने बापाला भरवायला घेतलं. म्हटलं, उजवा हात आहे त्यांना, लाडावू नकोस.

संध्याकाळी भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "आई, बाबा किती वाळलेत बघितलंस का?"

"जेवत नाहीत. मी काय करू?"

"घास घेतला की तू दारूवरून बोलतेस. मी मोजलं. आज जेवताना सात वेळा."

"मग काय आरती ओवाळू?"

"नव्या वर्षाच्या सुट्टीत मी त्यांना घेऊन जाणार. नेहमीसाठी. तू त्यांना बोलून बोलून मारशील."

मी बादली आपटली. तिनेही आपटली. पोरगी माझीच आहे.

नेईल तर नेऊ दे, असं लिहिणार होते. पण हे गेले तर मी ह्या घरात कोणाशी बोलणार? फुकटचा राग येतो.

३ डिसेंबर

लोकांचे उपकार ठेवून घ्यायला मला आवडत नाही. ज्यांनी ह्यांना दवाखान्यात रक्त दिलं, किमचीला हात लावला, त्या सगळ्यांच्या घरी हातोपे विणून देते आहे. मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट बसतात, बाहीतून वारा शिरत नाही. आमच्याकडे डोंगरावरून वारा येतो तो सुईसारखा. ह्यांच्यासाठी दर थंडीत विणायचे. आधी साधी लोकर घ्यायचे, पण लाकडावर घासून महिन्याभरात भोकं पडायची. म्हणून ह्या वर्षी युक्ती केली, लोकरीबरोबर मासेमारीची नायलॉनची दोरी घेऊन विणलं. आता ओढून बघा, बैल जुंपला तरी तुटणार नाही. ऑक्टोबरात पहिली जोडी ह्यांना दिली तेव्हा म्हणाले होते, "अगं, हे मला पुरून उरतील."

अकरा जोड्या करायच्या आहेत. सहा झाल्या.

८ डिसेंबर

ह्यांचं डोकं फिरलंय. अंगणातून आले तर हे चुलीसमोर बसून माझी लोकर जाळताहेत! निळी, नवी, चार गुंडे! नायलॉन जळून घाण वास सुटलेला.

"अहो, वेड लागलं का?"

"कसर लागली होती."

"नायलॉनला कसर लागते?"

"लागली होती."

एवढंच. पुढे मी काय काय बोलले ते लिहीत नाही, पण शेजारच्या कुत्र्यानेही भुंकणं थांबवलं. हे ऐकून घेत बसले. एका हाताने माणूस लोकर आगीत टाकतो तेव्हा किती बावळट दिसतो. मला रडू आलं, ते धुराने.

मी परत बाजारात जाऊन लोकर आणली. हट्टाने लाल आणली.

१५ डिसेंबर

चांद्र नव्या वर्षाच्या पूजेच्या ताटल्या जानेवारीत द्यायच्या आहेत. अठ्ठावीस ताटल्या अर्धवट कोरून पडल्यात. कोरणार कोण? म्हटलं, मीच. पॉलिश मी करते, घासते मी, एवढी वर्षं धूळ खाल्ली, तर कोरायला काय झालं.

ताटल्या मी शिकंज्यात आवळल्या, हाताने धरायच्या नाहीत. ग्राइंडर उचलला. बापरे, चालू केला की जिवंत मांजर धरल्यासारखा वाटतो, कधी कुठे उडी मारेल.

मागे हे उभे. कधी आले कळलं नाही. म्हणाले, "गुमहीची आई, ते काढ."

"काय काढू?"

"हातोपे."

"का? थंडीने बोटं गळायला आलीत."

"लाल रंग डोळ्यात खुपतो."

ऐका! हात गेला तो ह्यांचा आणि डोळे दुखतात लाल रंगाने. मी काढले नाहीत. तर पुढे आले, बटण बंद केलं आणि त्या उरलेल्या हाताने माझ्या मनगटावरून एकेक करून ओढून काढले. मग चकतीवर पत्र्याचं झाकण होतं ते माझ्या बाजूला फिरवलं, मला कोपर कुठे ठेवायचं ते दाखवलं आणि लाकडाच्या ओंडक्यावर बसले. संध्याकाळपर्यंत बसले.

दोन ताटल्या झाल्या. एक बरी, एक डुकराला घालायच्या लायकीची.

१६ डिसेंबर

माझं विणकाम त्यांना आवडतच नव्हतं कधी, असं दिसतं. एकोणतीस वर्षं सांगितलं नाही.

२७ डिसेंबर

आजवर नऊ ताटल्या. खांदे मोडून आलेत.

हे रोज सकाळी बाहेर जातात. हात गळ्यात बांधलेला, टोपी कानापर्यंत. विचारलं कुठे, तर "जरा फिरून." आल्यावर मी तोंडाचा वास घेते. वास येत नाही. लसूण खाऊन येत असतील. शेजारीण म्हणाली, कारखान्याकारखान्यात जातात, थोडा वेळ बसतात, निघतात. नक्कीच कुठेतरी पाजत असणार.

आणि आणखी एक. अकराच्या अकरा जोड्या वाटल्या. त्यातली एकही कोणी कारखान्यात घालत नाही. मी मुद्दाम दारातून डोकावून बघितलं. सगळे उघड्या मनगटांनी काकडत काम करताहेत. रस्त्यात मी दिसले की खिशातून काढून घाईघाईने चढवतात. "वहिनी, फार ऊबदार बरं का!" खोटारडे. काय वाईट केलंय मी ह्या गल्लीचं?

९ जानेवारी

गावच्या सभागृहात सुरक्षेचा वर्ग होता. ह्यांच्या अपघातानंतर वरून माणूस पाठवलाय म्हणे. माणूस नव्हे, तिशीची बाई, आडनाव मो, आवाज माझ्यासारखा. तिला बघून बरं वाटलं. प्रत्येक कारखान्यातून एकाने यायचं होतं. आमच्याकडून मी गेले. हे म्हणाले, जाऊ नकोस, तुला कंटाळा येईल. म्हणून तर गेले.

मो बाईने टेबलाला ग्राइंडर पक्का केला होता, आणि पिशवीतून एक जाडजूड मुळा काढला.

मागून कोणी म्हणालं, "बाई, सूप करणार का?"

"करणार. तुमच्या हाताचं," ती म्हणाली. सगळे हसले. मीही.

तिने गॉगल लावला, चिमट्यात धरलेला नुसता मुळा फिरत्या चकतीवर टेकवला. सालीवर खाच पडली, मुळा बाजूला उडाला. "हा उघडा हात. जखम झाली. टाके पडतील, सुट्टी मिळेल, बायको ओरडेल." पुन्हा हशा. "आता ह्याला थंडी वाजते असं धरा. कोणाकडे हातमोजा, मफलर, काही विणलेलं आहे का?"

माझ्या हातात होते. मी उठले.

प्यो भाऊजी कोपऱ्यातून उभे राहिले. "वहिनी, राहू द्या. माझा मोजा देतो."

म्हटलं, तुमचं काही नको. आणि बाईला म्हणाले, "हे घ्या. मी विणलेत. ह्या जिल्ह्यात ह्याच्याइतकं मजबूत दुसरं मिळणार नाही." म्हणाले मी. असंच म्हणाले.

तेव्हा सभागृहात कोणी हसत नव्हतं. मला वाटलं, जळतात.

बाईने हातोपा मुळ्यावर चढवला आणि नुसती कड चकतीच्या जवळ नेली. टेकवलीही नाही. एक लाल धागा उचलला गेला आणि मग काय झालं ते डोळ्याला दिसलंच नाही. मुळा तिच्या चिमट्यातून हिसकून गरकन आत गेला. तुकडे पहिल्या रांगेच्या अंगावर. चकतीभोवती लाल लोकर गच्च गुंडाळलेली.

तिने मशीन बंद केलं. लोकर सोडवू लागली, सुटेना. सुरीने कापू लागली, कापेना. वाकून बघितलं. "ह्यात नायलॉन आहे का, काकू?"

मी हो म्हटलं.

"साधी लोकर कधी कधी तुटते. तेवढ्यात माणूस हात मागे घेतो. ही तुटणार नाही. ही हात घेऊनच थांबेल."

तिला माहीत नव्हतं. बाकी सगळ्यांना माहीत होतं. सगळे जमिनीकडे बघत होते, शाळेत मास्तरांनी एकाला मारलं की बाकीचे बघतात तसे.

११ जानेवारी

काल काही लिहिलं नाही.

आज पोतं घेऊन निघाले. अकरा घरं. म्हटलं, दिलेले परत द्या. का, ते कोणी विचारलं नाही. पहिल्या घरी घडी घालून ठेवलेले होते, कोरे. दुसऱ्या घरीही. तिसऱ्या घरची म्हातारी म्हणाली, "बाई गं, काळजी करू नकोस. तुझा नवरा आला होता. हात गळ्यात बांधलेला होता तेव्हाच आला. म्हणाला, मशीनवर घालू नका, तिच्यासमोर मात्र घाला. तिला कळू देऊ नका."

अकराही घरी तेच. रोज सकाळी एकेक घर. मी वास घेत होते तेव्हा तो माणूस हे करून येत होता.

शेवटी प्यो भाऊजींच्या दारात उभी राहिले. दार उघडलं, बाजूला झाले. चूल पेटलेली होती. मी म्हटलं, "भाऊजी, खरं सांगा. दारू?"

"मीच पाजली. नंतर. गाडी येईपर्यंत दुखत होतं म्हणून अर्धा वाडगा. आवाज ऐकून धावलो, मेनस्विच बंद केला. लोकर कापायला दोन सुऱ्या मोडल्या, वहिनी."

"मग मला सांगितलं का नाही? मी तुम्हाला काय काय बोलले."

"शुद्धीत होता तो. गाडीत माझी कॉलर धरली त्याने. म्हणाला, तिला वास येईल, दारूच समजू दे. दारुड्या नवऱ्याचा राग ती पचवेल. दुसरं नाही पचवता येणार तिला."

पेरांबद्दल माफी मागायला गेले होते, ते राहूनच गेलं.

पोतं जड नव्हतं. वाटेत तीनदा खाली ठेवलं.

१३ जानेवारी

आज जेवण झाल्यावर म्हटलं, "अहो, मला सगळं कळलंय. हातोप्यांनी झालं."

"नाही. प्यायलो होतो मी."

"प्यो भाऊजींनी सांगितलं."

"म्हातारा झालाय. विसरतो."

"गुमहीचे बाबा, मी विणले ते. मीच तो नायलॉन घातला. एकदा म्हणा की तुझ्यामुळे झालं. म्हणा, मग मी गप्प बसेन."

माझ्याकडे बघितलं नाही. उजव्या हाताने ताट बाजूला सरकवलं. "प्यायलो होतो."

मला ओरडताच आलं नाही. त्यांनी दचकून वर बघितलं.

१९ जानेवारी

घरात कोणी बोलत नाही. मी ओरडत नाही म्हणून त्यांचं जेवण वाढेल असं वाटलं होतं. उलट कमी झालं. ताटल्या तेवीस झाल्या.

२२ जानेवारी

चांद्र नव्या वर्षाची पूजा झाली. गुमही काल आली. ह्या वर्षी पितरांपुढे मांडलेल्या ताटल्यांत दोन मी कोरलेल्या. वाकून नमस्कार करताना ह्यांना एका हाताने जमिनीवर टेकता येईना, मी पुढे झाले तर गुमहीने आधी धरलं.

नंतर तिला अंगणात सगळं सांगितलं. ती रडली. मला वाटलं मला बोलेल. बोलली नाही, तेच वाईट. मी म्हटलं, "घेऊन जा त्यांना. तुझं बरोबर होतं."

"आई, आता तसं नाही ना राहिलं..."

"घेऊन जा. रोज तो हात माझ्यासमोर असतो आणि ते म्हणतात दारू. मला बघवत नाही. त्यांनाही माझा चेहरा बघवत नसेल, म्हणून तर जेवत नाहीत."

ह्यांना सांगितलं तर "बरं" म्हणाले. परवा निघायचं.

२४ जानेवारी

सकाळी त्यांची बॅग मी भरली. लोकरीचं काही घातलं नाही. बॅग ओसरीवर ठेवली. गुमही गाडीवरचा बर्फ खरवडत होती. निरोपबिरोप मला जमत नाही, म्हणून कारखान्यात गेले. शेवटच्या पाच ताटल्या होत्या, सणाला पोचल्या नाहीत तरी द्यायच्या होत्याच. चकतीचे दात बोथट झालेले. नवी घेतली, पाना घेतला, नट फिरवायला वाकले.

"प्लग!"

कोण ओरडलं ते मला कळलंच नाही. हा आवाज मी ऐकलेला नव्हता. वळले तर दारात हे, बूट चढवलेले, कोट एका खांद्यावर.

"प्लग काढ आधी! बटण बंद म्हणजे बंद होतं का ते? कोपर लागलं, चालू झालं, बोटं तिथेच! एकोणतीस वर्षं बघतेस मला, एकदा तरी प्लग लावून चकती बदलताना बघितलंस? घाई! सगळ्यात घाई! तुला कोणी काही सांगायचं नाही, तुला सगळं येतं! अगं, हात जातो! कळतं का तुला? एका क्षणात जातो आणि मग रोज सकाळी उठून बघायचं तरी नसतोच तो! नसतो!"

शेवटी शब्द नव्हते, नुसता आवाज होता. डावा हात माझ्यासमोर धरला होता, पट्टी नसलेला. दवाखान्यातून आल्यापासून मला दाखवला नव्हता, कोटात लपवायचे. मी पूर्ण बघितला. त्या जागा गुलाबी आहेत, लहान मुलाच्या कातडीसारख्या.

मी प्लग काढला. ते थांबले नाहीत. मी पाना हातात धरून उभी राहिले आणि सगळं ऐकलं. एकही शब्द खोटा नव्हता. गुमही धावत आली आणि दारातच थांबली.

मग त्यांचा घसा बसला. ओंडक्यावर बसले. मी नवी चकती लावली. नट घट्ट झाला का, म्हणून पुढे वाकून बघितलं त्यांनी. पाचही ताटल्या होईपर्यंत तिथेच बसले होते. गाडीचा हॉर्न एकदाच वाजला, पुन्हा नाही.

दुपारी गुमही एकटीच गेली.

बॅग अजून ओसरीवर आहे. आत आण असं ते म्हणत नाहीत. मीही विचारत नाही.